पहाटे साडेपाचला येणारा माणूस

हे लिहायचं की नाही असं करता करता दीड वर्ष गेलं. आता लिहितेय कारण गेल्या महिनाभरात तीन जणींचे फोन आले, तिघींचं ऐकताना मला 'तुम्ही एकट्या राहत नाही' म्हणणारं माझंच सरकारी पत्र परत वाचल्यासारखं झालं, आणि तिघींनीही शेवटी तेच विचारलं, "ताई, कुणाला बोलणार नाही ना?" तुमचं नाही बोलणार. माझं बोलते.

मी लंडनला राहते, हाउन्स्लोच्या बाजूला. मूळची साताऱ्याची. २०११ ला लग्न करून इथे आले, २०२१ ला आम्ही वेगळे झालो, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये इथला कायदा बदलला, एकमेकांवर चिखल न उडवता घटस्फोट घेता यायला लागला, तसा आम्ही तो घेतला. भांडणं झाली नाहीत असं नाही, पण पोराच्या बाबतीत तो माणूस चांगला आहे हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. त्याने हेजला एक खोली भाड्याने घेतली, मी पोराला घेऊन जुन्याच फ्लॅटमध्ये राहिले.

मी एका मोठ्या दुकानाच्या बेकरीत काम करते, शिफ्ट पहाटे सहाची. पोरगा तेव्हा सात वर्षांचा. त्याला एकटं सोडून जाता येत नाही, आणि पहाटे साडेपाचला पोर सांभाळणारी बाई मला तरी कुठे मिळाली नाही, मिळाली असती तरी तिचे पैसे माझ्या पगारात बसले नसते. म्हणून आम्ही दोघांनी बसून ठरवलं की तो पाचची बस पकडून साडेपाचला येणार, मी दाराशी बूट घालून तयार, तो आत आला की मी बाहेर. दोन शब्द बोलायचो, "ताप होता रात्री", "वही टेबलावर आहे", बास. डबा मी आदल्या रात्री करून ठेवायचे. तो पोराला उठवणार, दूध देणार, साडेआठला शाळेत सोडणार आणि तिथून आपल्या कामाला जाणार. आठवड्यातले चार दिवस असं चालायचं.

आता शेजाऱ्यांना यातलं काय दिसत होतं? साडेपाचला सगळी गल्ली झोपलेली. साडेआठला मात्र रोज एक पुरुष माझ्या घरातून बाहेर पडतोय, खांद्यावर पोराचं दप्तर आहे आणि दाराला किल्ली लावतोय.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मला भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र आलं. त्याच्या आधी ऑनलाइन जर्नलमध्ये (भत्त्याबद्दलचे निरोप तिथेच येतात-जातात) मेसेज आला होता की तुमच्या क्लेमबद्दल बोलायचंय, मी म्हटलं असेल काहीतरी रुटीन. पत्रात लिहिलं होतं की आमच्याकडे आलेल्या माहितीवरून तुम्ही तुमच्या पूर्वीच्या पतीबरोबर राहता असं दिसतं, आणि ही माहिती तुम्ही कळवलेली नाही. खाली त्याचं पूर्ण नाव. ते नाव मी बरेच दिवसांनी असं कागदावर छापलेलं बघितलं आणि पहिल्यांदा मला वाटलं त्यालाच काहीतरी झालंय.

जे इथे राहत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथे युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा भत्ता असतो, पगार कमी असेल तर वरचे पैसे सरकार देतं, काम करत असलात तरी. पण तो माणशी नसतो, तो घराला असतो. एकटे असाल तर एकट्याचा क्लेम, जोडपं असाल तर दोघांचा मिळून एकच, आणि मग दोघांचा पगार, दोघांची बचत सगळं एकत्र धरतात. २०२५-२६ चे आकडे सांगते, पंचविशीच्या पुढच्या एकट्या माणसाला मूळ रक्कम महिन्याला ४०० पौंड १४ पेन्स, जोडप्याला ६२८ पौंड १० पेन्स. म्हणजे दोघं वेगवेगळे राहिले तर ८०० च्या वर आणि एकत्र राहिले तर पावणेदोनशेच्या आसपास कमी. त्यात पगार वाढला की सूट संपल्यावर पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात, त्यामुळे कमावता माणूस माझ्या क्लेममध्ये धरला की माझा भत्ता जवळजवळ शून्यावर येतो. आता कुणी एकत्र राहूनही दोन वेगळे क्लेम करतं का? करतात. मी ओळखते अशा लोकांना आणि मला ते पटत नाही, ती चोरी आहे आणि त्याची किंमत आमच्यासारख्या बायका भरतात. तपास करू नका असं माझं म्हणणं नाहीच. माझं म्हणणं एवढंच आहे की जो माणूस घरात राहत नाही तो राहत नाही हे दाखवायचं कसं, याचा विचार कुणीतरी करायला हवा. असलेली गोष्ट दाखवता येते हो, नसलेली कशी दाखवणार? रिकाम्या उशीचा फोटो काढून पाठवू?

मग कळलं की कायद्यात याची एक पद्धत आहे. घटस्फोटित किंवा लग्न न केलेली दोन माणसं नवरा-बायकोसारखी राहतात का हे ठरवताना सहा गोष्टी बघतात, क्रेक नावाच्या एका जुन्या केसमध्ये कोर्टाने या सहा खुणांना चांगल्या दिशादर्शक पाट्या म्हटलं होतं, तेव्हापासून त्याच चालत आल्यात. एका घरात राहता का, नातं किती टिकाऊ आहे, पैशांची देवाणघेवाण आहे का, शरीरसंबंध आहे का, मुलं आहेत का, आणि लोकांसमोर जोडपं म्हणून वावरता का. यातलं शरीरसंबंधाचं अधिकाऱ्याने आपणहून विचारायचं नसतं, हे मला नंतर समजलं, आधी माहीत असतं तर त्या दिवशी मी एवढी आवळून बसले नसते. आणि सहापैकी चार जुळले की झालं जोडपं असा हिशोब नसतो, सगळं चित्र एकत्र बघायचं असतं. आणखी एक, आपल्या बायकांमध्ये फिरणारी जी गोष्ट आहे की आठवड्यातून तीन रात्री राहिला तर चालतं, चौथी रात्र झाली की पकडतात, ती निव्वळ अफवा आहे. कायद्यात रात्रींचा असा आकडाच नाही.

इंटरव्ह्यूला बोलावलं तेव्हा मी पिशवी भरून कागद नेले. साधा कंप्लायन्स इंटरव्ह्यू होता, कॉशन देऊन, म्हणजे बोलाल ते पुरावा म्हणून वापरू अशी ताकीद देऊन घेतात तो नव्हता (तो असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय तोंड उघडू नका, हे मी हात जोडून सांगते). समोरची मुलगी तिशीची असेल, उद्धट अजिबात नव्हती, मला पाणी पण दिलं. तिच्यासमोर यादी होती. फ्लॅटच्या भाडेकरारावर अजून दोघांची नावं आहेत. खरं होतं, कारण एजंट म्हणाला नवीन करार करायचा तर तुझ्या एकटीच्या पगारावर तू बसत नाहीस. त्याच्या बँकेची पत्रं माझ्या पत्त्यावर येतात. खरं, जुन्या एका खात्याची यायची, मी ती ड्रॉवरमध्ये टाकून ठेवायचे आणि तो आला की द्यायचे. क्रेडिट फाइलवर, म्हणजे कर्ज-उधारीच्या नोंदीत, आम्ही अजून जोडलेले आहोत. खरं, जॉइंट खातं बंद करायचं राहिलं होतं. शाळेच्या फॉर्मवर इमर्जन्सीसाठी त्याचा नंबर आहे. अहो बाप आहे तो पोराचा, त्याचा नाही तर कुणाचा घालू? तो तुमच्या घरातून रोज सकाळी बाहेर पडताना दिसतो. तेही खरं.

आणि मग तिने कागद उलटा करून माझ्यासमोर सरकवला.

फेसबुकवरचा फोटो होता, २०२२ च्या दिवाळीतला, एका मराठी कार्यक्रमातला. मी आईच्या मोरपिशी पैठणीत, गळ्यात मंगळसूत्र, शेजारी तो कुर्त्यात, मध्ये पोरगा. खाली कुणीतरी लिहिलेलं, "लक्ष्मी-नारायणाचा जोडा", आणि त्याच्याखाली माझं हार्ट. घटस्फोटाचा शेवटचा कागद त्या फोटोच्या काही आठवडे आधीच हातात पडलेला होता.

तिने विचारलं, तुम्ही लोकांसमोर स्वतःला जोडपं म्हणून दाखवता का?

या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं ते मला अजूनही नीट माहीत नाही. कारण हो, दाखवत होतो. पण त्या ऑफिसला नाही, आम्ही साताऱ्याला दाखवत होतो. आईला माहीत नव्हतं. अण्णांची बायपास झालेली, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं, आणि आई मला लहानपणापासून एकच सांगत आलेली की सासरी काही झालं तर आधी मला सांग, पण बाहेर सांगू नको. मी तिलाही नाही सांगितलं. दर रविवारी व्हिडिओ कॉल असायचा, तेवढ्यासाठी तो दुपारचा यायचा, सोफ्यावर बसायचा, "कसे आहात अण्णा" म्हणायचा आणि कॉल संपला की पोराला घेऊन पार्कात जायचा. हळदी-कुंकवाच्या निमंत्रणावर श्री. व सौ. छापून यायचं, मी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. कार्यक्रमाला एकटी गेले की चार जणी विचारणार, हे कुठायत, मग एकदा सांगायचं ऑफिसचं काम, एकदा सांगायचं सर्दी, कितीदा सांगणार? म्हणून वर्षातून दोनदा तो यायचा, फोटोला उभा राहायचा. मंगळसूत्र मी त्याच दिवसांपुरतं घालायचे, एरवी ते डाळीच्या डब्याशेजारी एका स्टीलच्या डबीत असायचं.

हे सगळं त्या मुलीला इंग्रजीत कसं सांगायचं? मी सांगितलं, माय मदर डझन्ट नो. तिने ते लिहून घेतलं. लिहिलं की क्लेमंट (म्हणजे भत्ता मागणारी, मी) म्हणते तिच्या आईला माहीत नाही. पुढे जेव्हा निर्णय आला तेव्हा त्यात वाक्य होतं की क्लेमंटच्या जवळच्या कुटुंबाच्याही समजुतीप्रमाणे हे दोघं पती-पत्नी आहेत. माझ्या आईच्या समाधानासाठी मी जे केलं ते माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिलं गेलं, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

पैसे डिसेंबरपासून बंद. वर ठपका असा की आधीचे जे घेतले ते जास्तीचे दिले गेले, ते परत करा. मी महिन्याच्या आत फेरविचाराचा अर्ज टाकला, इथे अपीलच्या आधी ती पायरी चढावीच लागते. सात आठवड्यांनी उत्तर आलं, निर्णय कायम. मग ट्रायब्युनलला, म्हणजे असल्या तंट्यांच्या छोट्या कोर्टाला, अपील. तारीख आली जुलैची.

मधले ते महिने कसे काढले ते थोडक्यात सांगते कारण त्याबद्दल लिहायला बसले की हात थांबतो. पगार होता, चाइल्ड बेनिफिटचे आठवड्याचे २४ पौंड होते, एप्रिलपासून २५ पौंड ६० पेन्स झाले. आमची दहा जणींची भिशी आहे, त्यात माझा नंबर ऑगस्टमध्ये होता, एका मैत्रिणीने कारण न विचारता तिचा फेब्रुवारीचा नंबर मला दिला, ते पैसे सगळे भाड्यात गेले. फूड बँकेत गेले दोनदा, तिथे तूरडाळ नसते पण चण्याचे डबे असतात. आणि या सगळ्यात पोराच्या बाबाला मी सांगितलं की तू घरी येऊ नकोस. आता मी पोराला पहाटे पाच वाजता उठवायचे, थंडीत जॅकेट घालून बस स्टॉपपर्यंत न्यायचे, तिथे तो उभा असायचा, तो पोराला घेऊन उलट्या बसने हेजला त्याच्या खोलीवर न्यायचा आणि साडेआठला परत इकडे शाळेत आणून सोडायचा. पोरगा वर्गात झोपायला लागला. शिक्षिकेने मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी हो म्हटलं.

ते करायची काहीच गरज नव्हती. बापाने पोराला सांभाळायला घरी येणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. पण भीती बसली की माणूस कायदा विचारत नाही.

रात्री झोप यायची नाही तेव्हा मी वाचत बसायचे, आणि वाचलं तेव्हा समजलं की मी काही पहिली नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात नियम होता की एकट्या आईच्या घरी एखाद्या पुरुषाचं येणं-जाणं असेल, तर तोच त्या पोरांचा बाप समजायचा आणि मदत बंद करायची, मग तो एक पैसा देत असो वा नसो. १९६८ साली किंग विरुद्ध स्मिथ या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो मोडीत काढला. त्या काळात अमेरिकेत घरात पुरुष आहे का बघायला मध्यरात्री दार वाजवून तपासणी व्हायची. इथे ब्रिटनमध्येही १९७० च्या दशकात या नियमावरून बायकांनी बरीच आंदोलनं केली.

आणि अगदी अलीकडचं म्हणजे कॉन्सेन्ट्रिक्सचं प्रकरण. टॅक्स क्रेडिट नावाचा जुना भत्ता होता (एप्रिल २०२५ मध्ये तो कायमचा बंद झाला), त्यातली गळती शोधायला एचएमआरसी म्हणजे इथल्या कर खात्याने २०१४ साली कॉन्सेन्ट्रिक्स या खाजगी कंपनीला काम दिलं, आणि पैसे निकालावर, म्हणजे सरकारचं जेवढं वाचवाल त्या हिशोबाने. कंपनीने पत्त्यांचे आणि क्रेडिटचे रेकॉर्ड चाळले आणि एकट्या आयांना पत्रं धाडली की तुमच्याबरोबर अमुक माणूस राहतो, नाही हे सिद्ध करा. स्कॉटलंडमधल्या एका बाईला सांगितलं की तू आर. एस. मॅकॉल यांच्याबरोबर राहतेस. आर. एस. मॅकॉल ही तिथली पेपर-गोळ्या-बिस्किटं विकणाऱ्या दुकानांची साखळी होती! दुसऱ्या एकीला सांगितलं की तुझा जोडीदार जोसेफ राउनट्री. हे गृहस्थ १९२५ साली वारले, त्यांच्या नावाच्या ट्रस्टच्या घरात ती बाई भाड्याने राहत होती, एवढाच संबंध. शेवटी २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बोंबाबोंब झाल्यावर एचएमआरसीने जाहीर केलं की हे कंत्राट पुढे चालवणार नाही, आणि पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली. पण तोवर कितीतरी घरांतले पैसे बंद झालेले. दुकानाशी लग्न लावलेल्या बाईला निदान दुकानाकडे बोट तरी दाखवता आलं. माझ्या केसमध्ये माणूस खरा होता, फोटो खरा होता, किल्ली खरी होती.

हे फक्त इथलंच आहे असंही मला वाटत नाही. माझ्या आत्याला नवऱ्याने टाकलं होतं, संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता म्हणून नाव लावायला ती किती वेळा तहसीलला गेली ते मी लहानपणी बघितलंय. नवरा सोडून गेलाय याचा दाखला आणायचा कुणाकडून, तर ज्या गावाने त्याला जाताना बघितलं आणि गप्प बसलं त्याच गावाकडून. आणि २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी आली तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागत होते. बहीण सांगत होती की शेजारची विधवा बाई, वडीलही वारलेले, मोबाइल घेऊन दुकानाच्या पायरीवर बसून होती, ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? नंतर अशा बायकांसाठी वेगळी सोय केली म्हणे. पण आधी सुचत का नाही हो? बाई एकटी असू शकते हे फॉर्म बनवताना कुणाच्या डोक्यातच का येत नाही?

जुलैमध्ये ट्रायब्युनल झालं. मी कोर्ट म्हणजे उंच खुर्ची आणि पिंजरा असं समजून गेले होते, तर साधी मीटिंग रूम, एक लांब टेबल, पलीकडे एकट्या जज बाई, पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. माझ्याबरोबर इथल्या एका सल्ला केंद्रातली बाई होती, फुकट मदत करतात, तिने मला आधी बसवून सगळं पान-पान लावून घेतलेलं. केसच्या कागदांचं बंडल २१४ पानांचं. माझा पैठणीतला फोटो पान १३७ वर, काळा-पांढरा छापलेला, मोरपिशी रंग राखेसारखा आलेला.

आमच्याकडून काय दिलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल. त्याच्या खोलीचा भाडेकरार आणि घरमालकाचं पत्र. त्याचं डॉक्टरकडचं रजिस्ट्रेशन हेजच्या पत्त्यावर. माझं कौन्सिल टॅक्सचं बिल, एकट्या माणसाला २५ टक्के सूट मिळते ती मी पहिल्यापासून घेत होते. दोघांची बँक स्टेटमेंट्स, ज्यात दिसत होतं की तो दर महिन्याच्या १ तारखेला मला पोरासाठी ठरावीक पैसे पाठवतो आणि बाकी एक पौंडही इकडचा तिकडे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं ठरलं ते त्याचं बसचं कार्ड. हे त्यालाच सुचलं. इथे बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवून चढतात आणि खातं उघडलेलं असेल तर प्रत्येक टेकवण्याची वेळ ऑनलाइन दिसते. त्याने सगळे महिने छापून आणले. ५ वाजून ३ मिनिटं, पावणेदोन पौंड, १.७५. ५ वाजून ४ मिनिटं, १.७५. ५ वाजून ३ मिनिटं. आठवड्याला चार ओळी, पानंच्या पानं. जज बाईंनी ती पानं बोटाने एकेक ओळ खाली सरकत वाचली. घरात झोपलेला माणूस पहाटे पाचला हेजहून बस कशाला पकडेल?

मग त्यांनी फोटोचं विचारलं. मी परत तेच म्हटलं, आईला माहीत नाही. त्या थांबल्या. म्हणाल्या, नीट सांगा, घाई नाही. आणि मी पहिल्यांदा कुणालातरी पूर्ण सांगितलं, अण्णांचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न, श्री. व सौ., रविवारचा कॉल, डाळीच्या डब्याशेजारची डबी, सगळं. वीस मिनिटं तरी बोलले असेन. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, तुम्ही आजारी पडता तेव्हा तुम्हाला चहा कोण करून देतं? मी म्हटलं, मीच. गेल्या मार्चमध्ये फ्लू झाला तेव्हा? मीच, पोराने टोस्ट केला होता, जळला, पण मी खाल्ला. त्यांनी काहीतरी लिहिलं.

अपील मंजूर झालं. निर्णयाच्या कागदात एक ओळ होती, की नातेवाइकांना दुखवू नये म्हणून समारंभापुरतं एकत्र दिसणं हे एक घर चालवणं नव्हे, आणि मुलाच्या संगोपनात दोन्ही पालकांनी सहकार्य करणं यावरून ते जोडपं ठरत नाही. ती ओळ मी पाठ केलीय. थकलेले पैसे ऑगस्टमध्ये आले. भिशीवाल्या मैत्रिणीला मी सांगायला गेले तर ती म्हणाली मला माहीत होतं गं, दोन वर्षांपासून माहीत होतं, फोटोत त्याचा हात कधी तुझ्या खांद्यावर नसायचा.

आईला त्याच आठवड्यात सांगितलं. त्याला सोफ्यावर न बसवता एकटीने कॉल लावला. तिने विचारलं जावई कुठायत, मी म्हटलं आई, जावई नाहीत आता, तीन वर्षं झाली. ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, मग दर रविवारी कशाला त्रास दिलास त्याला? एवढंच. मी एवढं सगळं ज्या भीतीने केलं ती भीती कदाचित माझ्याच मनात तेवढी मोठी होती, नाहीतर तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर ती वेगळं काही बोलली असती, कुणास ठाऊक.

आता त्या तीन फोनांबद्दल. दोघींचं माझ्यासारखंच आहे, जुना भाडेकरार, बँकेची पत्रं, समारंभातले फोटो. त्यांना मी सांगितलं की बाई आजच बस आणि एकेक जोड तोड. जॉइंट खातं बंद कर, क्रेडिट एजन्सीला लिहून नाव वेगळं करून घे, त्याची पत्रं परत पाठव पाकिटावर "इथे राहत नाही" लिहून, आणि जर्नलमध्ये स्वतःहून लिहून टाक की मुलाचा बाप अमुक दिवशी अमुक वेळेला सांभाळायला येतो. आधी लिहिलेलं आणि विचारल्यावर सांगितलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि निर्णय विरोधात गेला तरी एक महिन्याची मुदत चुकवू नको, रडायचं नंतर.

तिसरीचं वेगळं आहे आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. नागपूरकडची, स्पाउस व्हिसावर आलेली, नवरा मारायचा. त्या व्हिसावर सरकारी मदत घेता येत नाही, पण घरातल्या मारहाणीमुळे नातं तुटलं तर तीन महिन्यांची सवलत मिळते, तेवढ्यात तिने कायमच्या राहण्याचा अर्ज केला, तो मिळाला, मग कुठे क्लेम चालू झाला. आणि आता त्याच नवऱ्याने मुद्दाम आपल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर आणि बँकेत तिचा नवीन पत्ता घातलाय. त्याला तिथे राहायचं नाहीये. त्याला माहितीये की कागदावर तो तिथे दिसला की तिचे पैसे बंद होणार, आणि झाले. पत्ता त्याला कुठून मिळाला तर मुलीच्या शाळेच्या एका पत्रावरून. ज्याच्यापासून पळून आली त्याच्याबरोबरच राहते असं तिला कागदावर लिहून आलंय. फोनवर ती म्हणाली, ताई, मी दाराला तीन कड्या लावते रात्री, त्या कड्यांचा फोटो चालेल का पुराव्याला?

मी म्हटलं काढून ठेव. पोलिसांचा तक्रार नंबर, डॉक्टरची नोंद, रेफ्यूजमध्ये (मारहाणीतून सुटलेल्या बायकांच्या आसऱ्यात) राहिलीस त्या तारखा, सगळं एका फायलीत. तिची ट्रायब्युनलची तारीख मंगळवारी आहे, सकाळी दहाला. मी बेकरीतून सुट्टी टाकलीय, तिच्याबरोबर जातेय. पोराला त्या दिवशी त्याचा बाबा शाळेत सोडणार आहे, घरी येऊन.